चाक कोण फिरवतो, कागद कोण वाचतो

आमच्या वॉर्डातल्या विहारात येत्या रविवारी बैठक आहे. विषय एकच. विहाराच्या बाहेरच्या भिंतीला पितळेच्या मणीचक्रांची रांग बसवायची की नाही. अर्धी वर्गणी जमली आहे. बसवा म्हणणारे पुष्कळ, नको म्हणणारे आम्ही पाचसहा पोरं. मागच्या बैठकीत सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. 'हे लामांचं थोतांड आहे, बाबासाहेबांच्या धम्मात याला जागा नाही' असं म्हणून खाली बसलो. टाळ्याही पडल्या. घरी आलो तर झोप लागेना. कारण ज्या वस्तूला मी थोतांड म्हणालो ती वस्तू मी स्वतः फिरवून आलो होतो, आणि फिरवताना मला बरं वाटलं होतं. ते काही मी बैठकीत सांगितलं नाही. दोस्तहो, इथं सांगतो.

गेल्या हिवाळ्यात ट्रॅव्हल्सची गाडी करून आम्ही चाळीसेक माणसं गोठणगावला गेलो. बल्लारपूरहून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडून वडसा, आणि पुढं अर्जुनी मोरगाव. तिथं जंगलाच्या कडेला नॉर्ग्येलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत आहे. 1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं देश सोडून आली, त्यांतल्या काहींना 1972 साली इथं वसवलं. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, 1999 पासून गोंदिया. हिवाळ्यात शहराच्या फुटपाथवर स्वेटर मांडून बसणारे तिबेटी आपण बघतो, ते अशाच वसाहतींमधून येतात. बाकीचे महिने धानाच्या बांधीत. म्हणजे आपल्यासारखेच चिखलात पाय.

गोंपाजवळ चक्रांची रांग होती. मी कागद कारखान्यात रिवाइंडरवर हेल्पर आहे, आठ तास रोळ फिरताना बघतो. म्हणून माझं लक्ष आधी गेलं ते त्याच्या बनावटीकडे. मधे एक उभा दांडा. दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेला कागद. कागदावर एकच मंत्र बारीक अक्षरात शेकडो, हजारो वेळा छापलेला, ॐ मणि पद्मे हूँ, अवलोकितेश्वराचा. वरून पत्र्याचं डबडं आणि त्यावर उठावाची अक्षरं. खाली टोक टेकवलेलं, म्हणून बोटाचा धक्का दिला की फिरत राहतं. हातात धरायचं छोटं असतं त्याला साखळीनं एक वजन लोंबकळवतात, ते फ्लायव्हीलचं काम करतं, मनगट दुखत नाही. बनवणारा कारागीर हुशार. डोंगराळ मुलखात ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी असतात, वाऱ्यावर फिरणारी असतात, आता विजेवर चालणारीसुद्धा निघाली आहेत. फिरवायचं घड्याळाच्या काट्यासारखं, म्हणजे चालताना भिंत आपल्या उजव्या हाताला. एक फेरा झाला की आत जेवढे मंत्र गुंडाळलेत तेवढे म्हटल्याचं पुण्य. अशी समजूत.

तिबेटी माणूस याला 'मणी खोर्लो' म्हणतो. खोर्लो म्हणजे चाक. आपल्या धम्मचक्रातल्या चक्रालाही त्यांच्या भाषेत हाच शब्द. त्यात 'प्रार्थना' कुठंच नाही. प्रार्थना हा शब्द मिशनरी आणि साहेबलोकांनी आणला, आणि आपण त्यांच्या इंग्रजीवरून 'प्रार्थनाचक्र' असं मराठी करून मोकळे झालो. वस्तू तिबेटची, नाव लंडनचं, वाद बल्लारपुरात.

आता आमच्या गाडीतल्या लोकांचं सांगतो. एकानं पहिल्या चक्राला हात लावला आणि पोराला म्हणाला, 'मोबाइल काढ, व्हिडिओ घे.' त्याचं चक्र फिरवणं मोबाइलपुरतं. दुसऱ्या एका बाईनं रांग संपेपर्यंत डोळे मिटून घेतले, तिचा मुलगा त्या वर्षी गेला होता. तिला मी काही विचारलं नाही, विचारायचं नसतं. तिसरे आमचे एक साहेब, रिटायर झालेले, त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, 'यानं टेन्शन कमी होते, सायन्स आहे.' कोणतं सायन्स ते त्यांना माहीत नव्हतं. आणि एक जण बोधगयेला जाऊन आलेला. तिथल्या तिबेटी विहारात मोठं चक्र आहे, ते तीनदा फिरवलं की पाप धुऊन निघतं असं तिथं सांगतात. त्यानं तेच इथं सगळ्यांना सांगितलं. मग काय, रेटारेटी. आमच्या बाया तीन-तीन फेरे मारायला लागल्या. मी एका म्हाताऱ्याला म्हटलं, 'बाबा, तुमी पाप केलं कवा?' तो म्हणाला, 'केलं नाई बा, पन असलं तं?'

मी हसलो. नंतर सगळे चहाला गेल्यावर एकटाच मागं राहिलो आणि रांग फिरवली. पितळ थंड होतं, हजारो हातांनी घासून गुळगुळीत झालेलं. एका चक्राचा खालचा टेकू झिजलेला, ते कुरकुरत होतं. डोक्यात शिफ्ट नव्हती, ठेकेदार नव्हता, कर्ज नव्हतं. दोन मिनिटं. एवढंच. त्याला मी शांती-बिंती म्हणणार नाही. कारखान्यात मशीन माझा हात फिरवते, इथं माझा हात मशीन फिरवत होता. बरं वाटलं ते त्याचं असावं.

हे मी इतक्या सविस्तर लिहितो कारण चक्र पाहून आलेल्या माणसांचं लिखाण मी बरंच वाचलं. दिवाळी अंकात लडाख, सिक्कीमची प्रवासवर्णनं येतात. लेखक पुण्या-मुंबईचा. गोंपाच्या पायऱ्या चढतो, धाप लागते, चक्राला हात लावतो आणि लगेच त्याच्या आत काहीतरी वितळतं. निळं आकाश, पताका, सुरकुतलेल्या म्हाताऱ्या बाईचं हसू. त्या बाईला तो एक प्रश्न विचारत नाही. आत कोणता कागद आहे हे बघत नाही. तिचं गुडघ्याचं दुखणं, तिचं शेत, तिचा पोरगा कुठं आहे, काही नाही. ती त्याच्या शांतीची सजावट. आणि परत आल्यावर हाच माणूस त्याच्या गावातल्या भीमनगरच्या विहारावरून रोज स्कूटरनं जातो, आत कधी पाऊल टाकत नाही. दूरचा बुद्ध चालतो. जवळचा बुद्ध निळ्या झेंड्याखाली बसलेला असतो, त्याची अडचण होते.

त्याच्या आधीचे पाहुणे वेगळे. ते वितळत नव्हते, हसत होते. हूक नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं 1850 साली आपला तिबेटप्रवास छापला. त्यात कुंबुमच्या मठातली एक हकिकत आहे. एका लामानं चक्राला गती दिली आणि खोलीकडे निघाला. मागं वळून बघतो तर दुसऱ्यानं ते थांबवून स्वतःच्या नावानं फिरवायला घेतलेलं. झाली मारामारी. शेवटी एक म्हातारा लामा आला आणि दोघांच्या नावानं स्वतः फिरवलं, तेव्हा भांडण मिटलं. हूकनं ही गोष्ट मजा म्हणून सांगितली. मला ती मजा वाटली नाही. मशीन कोणाच्या नावावर चालते आणि उत्पन्न कोणाच्या खात्यावर जातं, याच्यावरून मारामारी होणं मला अगदी समजतं.

वॅडेल नावाचा ब्रिटिश डॉक्टर 1895 च्या ग्रंथात तिबेटच्या धर्माला 'लामाइझम' म्हणतो, म्हणजे हा खरा बौद्ध धर्म नाहीच, पुरोहितांचा बिघडवलेला माल. पुढं 1903-04 साली यंगहजबंडची फौज तिबेटात घुसली तेव्हा वॅडेल फौजेबरोबर होता आणि त्यानं पोथ्या गोळा करून नेल्या. धर्म थोतांड, पण पोथ्या पाहिजेत. बैठकीत मी 'लामांचं थोतांड' म्हणालो तेव्हा माझ्या तोंडून कोण बोलत होतं, ते मला हे वाचल्यावर कळलं. लाज वाटली.

सगळ्यात मोठा पाहुणा मात्र आपल्यातला. नैनसिंग रावत. कुमाऊंच्या डोंगरातला शाळामास्तर. इंग्रजांच्या सर्व्हे खात्यानं त्याला शिकवून तयार केलं आणि वेष बदलून तिबेटात पाठवलं, कारण गोऱ्या माणसाला तिथं बंदी. तो 1865 ला निघाला, 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. वाटभर पावलं मोजली. माळेत 108 ऐवजी 100 मणी, शंभर पावलांना एक मणी. आणि हातात चक्र. त्याच्या आत मंत्राचा कागद नव्हता, त्यानं लिहिलेल्या मोजमापाच्या चिठ्ठ्या होत्या. पवित्र वस्तू म्हणून नाक्यावर कोणी उघडून बघत नसे.

मी ही गोष्ट कँटीनमध्ये सांगितली तर पोरं म्हणाली, 'वा रे मास्तर!' मलाही तसंच वाटलं होतं. चक्रात पहिल्यांदा कोणीतरी खरं लिहिलं. पाऊल टाकलं, मोजलं, टिपलं. पण ते लिहिणं गेलं कुणाकडे? इंग्रजांच्या नकाशाकडे. नैनसिंगला 1877 साली लंडनच्या भूगोलाच्या सोसायटीनं सोन्याचं पदक दिलं, आणि तिबेटच्या माणसाला पुढं फौज मिळाली. म्हणजे चक्रातला कागद बदलला एवढ्यानं भागत नाही. तो कागद शेवटी कोण वाचतो हे बघावं लागतं.

आणि त्याच तिबेटात दुसरा कागदही होता. राहुल सांकृत्यायन 1929 पासून 1938 पर्यंत चार वेळा तिकडे गेले. भारतात नामशेष झालेल्या संस्कृत पोथ्या मठांच्या फळ्यांवर धूळ खात पडल्या होत्या, त्या त्यांनी शोधल्या. त्यांत धर्मकीर्तीचं प्रमाणवार्तिक होतं. सातव्या शतकाच्या आसपासचा हा बौद्ध तर्कपंडित. त्यानं मूर्खपणाची पाच लक्षणं सांगितली आहेत: वेद प्रमाण मानणं, जगाचा कर्ता मानणं, अंघोळीनं पुण्य मिळतं असं समजणं, जातीचा गर्व बाळगणं, पाप जावं म्हणून देहाला जाळत बसणं. बघा. जातीचा गर्व म्हणजे जडबुद्धी, हे एका बौद्ध माणसानं तेराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, आणि ती पोथी जपली तिबेटनं. त्याचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. इथं असती तर टिकली नसती.

पण पोथी फळीवर होती आणि बाहेर चाक फिरत होतं. त्या चाकाखाली काय होतं? लडाखमध्ये, बौद्ध गावांत, मोन आणि बेदा हे वाजंत्री आणि गारा हा लोहार, यांना खालचं मानायचे. जेवणाच्या पंगतीत बसायची रांग ठरलेली, त्यात हे शेवटी. त्यांच्याशी सोयरीक नाही. 1989 साली सरकारनं लडाखच्या जमातींची यादी केली तेव्हा बेदा, गारा, मोन ही नावं वेगळी लिहावी लागली, इतकी ती वेगळी राहिली होती. चक्राचा पत्रा ठोकायचा, दांडा घडवायचा तर हातोडा धरणाराच लागतो. घडवणारा रांगेच्या शेवटी, फिरवून पुण्य घेणारा वरच्या गादीवर. हे वाचलं तेव्हा मला माझं घरच दिसलं.

मला वाटलं होतं इथं माझा मुद्दा सिद्ध झाला. त्यांचं चाक फिरलं, अक्षर वाचलं गेलं नाही, म्हणून जात गेली नाही. आपण वाचणारे लोक, आपल्याला चाक नको. असं लिहून लेख संपवला होता. मग खात्री करावी म्हणून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढला आणि अडकलो. अधम्म म्हणजे काय ते सांगताना बाबासाहेबांनी ईश्वर, आत्मा, यज्ञ यांच्या पंगतीत आणखी एक गोष्ट बसवली आहे: धर्मग्रंथांचं नुसतं वाचन म्हणजे धम्म नव्हे. विद्येपेक्षा शील मोठं. आणि धम्माच्या मधोमध माणसाचं माणसाशी नातं. हे प्रकरण मी तीनदा वाचलं होतं, आणि तीनदा पुढं गेलो होतो.

आता आपल्या वर्षावासाकडे बघा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारात ग्रंथाचं वाचन चालतं. चांगली प्रथा, मी तिच्या विरोधात नाही. पण आमच्या विहारात ते कसं चालतं? एक जण माइकवर भराभर वाचतो. बाकीचे पांढऱ्या कपड्यात बसतात. मधे कोणी हात वर केला तर 'आधी आजची पानं होऊ द्या.' शेवटच्या दिवशी ग्रंथाला हार, खीर, समाप्ती. ब्राह्मणाचं पारायण असंच असतं, फक्त पोथी वेगळी. बावीस प्रतिज्ञा आम्ही सगळे पाठ म्हणतो, एका दमात, जसा रोळ सुटतो तशा. आणि त्याच संध्याकाळी विहाराच्या पायरीवर पोरीच्या लग्नाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न काय येतो? 'लाडवन की बावने?' मी स्वतः ऐकला आहे. विचारणाऱ्यानं त्या दिवशी माइकवर वाचन केलं होतं.

तर मग गोठणगावच्या म्हातारीला मी कोणत्या तोंडानं हसू? तिच्याशी मी नंतर बोललो, मोडक्या हिंदीत. हातात छोटं चक्र, बोलतानाही चालू. मी विचारलं, अपने लिये क्या माँगती हो? तिला प्रश्नच कळला नाही. तिच्या पोरानं समजावून सांगितल्यावर ती हसली आणि म्हणाली, अपने लिये नहीं, सब के लिये. कीड़ा, चिड़िया, सब. पोरगा स्वतः फिरवत नाही म्हणाला, त्याला वेळ नाही, हिवाळ्यात त्याला दुकान लावायला जायचं असतं. मग त्यानंच मला उलट विचारलं, आप लोग भी तो फोटो को हार डालते हो? मी गप्प.

देश गेलेल्या माणसाच्या हातात काय उरतं हे मला सांगता येत नाही. गाव सोडून बल्लारपूरला आलेल्या माझ्या आजोबांच्या हातात एक कंदील आणि बाबासाहेबांचा फोटो होता म्हणतात. पण एक गोष्ट सांगतो, खुद्द दलाई लामा गेली कित्येक वर्षं आपल्या लोकांना सांगत आले आहेत की नुसते मंत्र आणि चक्र पुरे नाही, अभ्यास करा, एकविसाव्या शतकातले बौद्ध व्हा. तिथं ज्याच्याबद्दल वाद चालू आहे ते आपण इथं वर्गणी काढून नवंकोरं विकत आणतो आहोत.

बसवा म्हणणाऱ्यांत आमच्या आत्याबाई आहेत. नात्यानं नाही, सगळ्या वॉर्डाच्या आत्याबाई. 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपूरला दीक्षा झाली तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या, बापाच्या खांद्यावर. पांढऱ्या लुगड्यांची गर्दी तेवढी आठवते. दीक्षा कानानं घेतली, अक्षर कधी शिकायला मिळालं नाही. बैठकीनंतर मी त्यांना समजवायला गेलो. म्हटलं, आत्याबाई, आतमधलं वाचता येत नाही असा कागद फिरवून काय फायदा? त्या म्हणाल्या, 'बाबू, मले तं बाहेरचंबी वाचता येत नाई. तू कविता लिवतेस, पेपर काढतेस. मले कोन वाचून दाखवते? त्या चाकाले हात तं लावता येते.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या अंकाचा मी छापणारा. आमचं मशीन तुम्ही पाहिलंय, हँडल मारायचं, रोळ फिरतो, स्टेन्सिलमधून शाई उतरते, कागद बाहेर पडतो. तेच काम, गोल गोल. मी दोन वर्षं ते हँडल मारतोय आणि माझ्या शेजारच्या घरातली बाई यातला एक शब्द ऐकू शकलेली नाही. ब्राह्मणानं अक्षर ऐकलं तर शिसं ओतायची धमकी दिली. लामानं अक्षर डब्यात बंद करून फिरवायला दिलं. आम्ही छापलं आणि वाटलं, पण वाटलं ते वाचता येणाऱ्यांनाच.

गडचिरोलीत धानोऱ्याच्या बाजूला मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव आहे. ते लोक बौद्ध नाहीत, आणि मी त्यांच्या वाटेला आपलं नाव लावणार नाही. तिथं अभ्यासगट चालतो. कायदा समोर ठेवतात, एक जण वाचतो, मग थांबतात, गोंडीत आणि मराठीत बोलतात, न वाचता येणारा माणूसही विचारतो, भांडतो. वनहक्काचा कायदा 2006 चा. तो असा चघळून-चघळून 2011 साली त्यांनी बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात घेतला. त्या मुलखातला बांबू आमच्याकडे कागद व्हायला येतो. इतके दिवस मी त्या कागदाचा रोळ तेवढा बघत होतो.

म्हणून रविवारच्या बैठकीत मी माझं आधीचं बोलणं मागं घेणार आहे. 'थोतांड' हा शब्द मागं. विरोध मागं नाही. चक्रांना माझा नकारच, आणि कारण हे की आपल्याकडे आधीच एक चाक आहे, वर्षावासाचं, आणि ते कुरकुरतंय. जमलेल्या वर्गणीत खोलीला एक दिवा, दोन बाकं आणि मोठ्या अक्षराची पुस्तकं येतील. माइक बंद. एक पान वाचायचं, थांबायचं, आणि ज्याला-जिला जे विचारायचं ते विचारू द्यायचं, 'लाडवन की बावने' सुद्धा तिथंच, सगळ्यांसमोर काढायचं. वाचणाऱ्यांची पाळी लावायची, शिफ्टसारखी. पहिली पाळी माझी. बहुमत चक्रांच्या बाजूनं पडलं तर पडो, मग मी टेकूला ग्रीस लावायला जाईन, पण बाकं मागणं सोडणार नाही.

काल नाइट शिफ्ट संपवून आत्याबाईंकडे गेलो आणि हा लेख अर्धा वाचून दाखवला. नैनसिंगाच्या जागी त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, 'त्या मास्तरच्या बायकोले मालूम होतं का, हा कायले गेला ते?' मला माहीत नव्हतं. उरलेला अर्धा आज संध्याकाळी वाचायचा आहे.